पडद्याआडचे ऐकू का येते?



मागच्या वर्षी अकरावीच्या वर्गात ध्वनीचे प्रकरण संपवून मी पुस्तक मिटत होतो. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी टेबलापाशी येऊन उभी राहिली. म्हणाली, "सर, आमची एकच खोली आहे. अभ्यासासाठी मधे पडदा लावायचाय. आईने आठशे रुपये दिलेत. कुठले कापड घेतले म्हणजे पलीकडचा टीव्ही ऐकू येणार नाही?"

पाठ्यपुस्तकाच्या मागे दिलेल्या प्रश्नांत हा प्रश्न नव्हता. पण त्या सगळ्या प्रश्नांपेक्षा तो मला मोलाचा वाटला. मी तिला दुसऱ्या दिवशी यायला सांगितले. घरी जाऊन थोडे गणित केले. ते गणित आज तुमच्यापुढे मांडतो. त्याआधी मात्र एक जुनी हकीकत सांगायला हवी, कारण मी स्वतःही अशाच एका पडद्याआड वाढलो आहे.

एक लुगडे, दोन खोल्या

मुंबईच्या चाळीत आमची खोली होती. रुंदी आठ फूट, लांबी पंधरा फूट. एका टोकाला गॅलरीत उघडणारे दार, दुसऱ्या टोकाला ओटा, मोरी आणि खिडकी. १९९५ साली मी दहावीला गेलो, तेव्हा आईने आजीचे एक जुने नऊवारी लुगडे काढले, त्याचे चार तुकडे केले, ते दुहेरी शिवले आणि खोलीच्या मधोमध दोरीवर टांगले. झाल्या दोन खोल्या! दाराकडच्या बाजूला मी आणि खाटेवर आजोबा, म्हणजे आमचे अण्णा. आतल्या बाजूला आई-बाबा.

पडदा लागला आणि आम्ही सगळे जण दोन खोल्यांत राहिल्यासारखे वागू लागलो. फेब्रुवारीतल्या एका रात्री आतून बाबांचा आवाज आला, "अण्णांच्या मोतीबिंदूचे या महिन्यात जमेल का?" आई म्हणाली, "क्लासची फी भरली तर नाही जमणार." दोघेही अगदी हळू बोलत होते. मी पुस्तकात डोके घालून बसलो. अण्णा भिंतीकडे तोंड करून पडले होते.

सकाळी चहा घेताना अण्णा सहज म्हणाले, "सूनबाई, माझ्या डोळ्यांची घाई नको गं. उन्हाळ्यात डोळ्यांना हात लावू नये म्हणतात."

आई काही बोलली नाही. बाबाही बोलले नाहीत. पडद्यातून सगळ्यांना सगळे ऐकू येते, हे त्या खोलीत प्रत्येकाला ठाऊक होते. का ऐकू येते, हे मात्र मला पुढे एम. एस्सी. ला गेल्यावर उमगले.

डोळ्याला भिंत, कानाला दार

पडद्यामागचा माणूस दिसत नाही, पण त्याचे बोलणे ऐकू येते. असे का? पहिले कारण तरंगलांबीचे आहे.

आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहूनही कमी असते. त्यापुढे कापडाचा साधा धागासुद्धा सोंडेएवढा जाड! म्हणून प्रकाश पडद्याच्या कडेला जवळजवळ सरळ रेषेत जातो आणि मागे स्पष्ट सावली पडते.

ध्वनीचे तसे नाही. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर असतो. वेगाला वारंवारतेने भागले की तरंगलांबी मिळते. पुरुषाच्या खर्जातल्या आवाजात सेकंदाला १२० कंपने धरा. ३४० भागिले १२०, म्हणजे सुमारे २.८ मीटर. आमच्या खोलीची रुंदी होती अडीच मीटरही नाही! असा तरंग पडद्याच्या कडेवरून वळून सहज पलीकडे जातो. यालाच विवर्तन म्हणतात. 'स', 'श' या अक्षरांतल्या फुत्काराची कंपने सेकंदाला ५००० च्या आसपास असतात, म्हणजे तरंगलांबी सुमारे ७ सेंटिमीटर. हे तरंग त्या मानाने कमी वळतात. म्हणून आडोशामागचे बोलणे ऐकताना आवाजाचा घुमारा पुरता येतो आणि एखादे अक्षर मात्र निसटते.

पडद्याचे वजन किती?

तुम्ही म्हणाल, "सर, आवाज कडेने वळतो हे पटले. पण कापडावर आदळलेला आवाज तरी अडत असेल ना?"

आता असे पाहा. ध्वनी म्हणजे हवेच्या दाबातला अगदी बारीक चढउतार. हा दाब पडद्याला ढकलतो, ओढतो, पुन्हा ढकलतो. पडदा हलला की त्याच्या पलीकडची हवा हलते आणि पलीकडे आवाज तयार होतो. म्हणजे प्रश्न एवढाच उरतो, की पडदा किती हलतो. इथे न्यूटनचा दुसरा नियम आपल्या मदतीला येतो. बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण.

साध्या बोलण्याच्या आवाजात, ६० डेसिबेलला, हवेच्या दाबात सुमारे ०.०२ पास्कल इतका फरक पडतो. म्हणजे एक चौरस मीटर पडद्यावर ०.०२ न्यूटन बल. आमच्या दुहेरी लुगड्याचे वजन चौरस मीटरला सुमारे ०.२ किलो धरू. त्वरण किती? ०.०२ भागिले ०.२, म्हणजे ०.१ मीटर प्रति सेकंद वर्ग. आता त्याच जागी साडेचार इंची विटांची भिंत घ्या. तिचे वजन चौरस मीटरला ढोबळमानाने २०० किलो. बल तेच, वस्तुमान हजारपट. म्हणून त्वरण एक हजारांश! भिंत आवाज अडवते ती कडकपणामुळे नव्हे, मुख्यतः वजनामुळे. तिचे जडत्व मोठे, म्हणून ती हलायला तयार नसते.

याच गोष्टीकडे आणखी एका बाजूने बघू. एक घनमीटर हवेचे वजन सुमारे १.२ किलो असते. मग ०.२ किलो म्हणजे किती हवा? सुमारे १७ सेंटिमीटर जाडीचा थर. आवाजाच्या हिशेबी आमचा पडदा म्हणजे मधे टांगलेला वीतभर हवेचाच थर होता! त्यात कापडाला छिद्रे असतात. त्यांतून हवा, आणि हवेबरोबर आवाज, आरपार जातो तो वेगळाच. बोलण्यातल्या मधल्या सुरांची निम्म्याहून अधिक ऊर्जा अशा कापडातून सरळ पार होते.

मग जाड कापड घेतले तर? सेकंदाला हलण्याची संख्या जितकी जास्त, तितकी जड वस्तू मागे पडते. म्हणून घोंगडीसारखा जाड पडदा वरच्या सुरांना थोडे अडवतो. पलीकडचे बोलणे मग दबलेले, तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखे येते. पण येते! आणि टीव्हीवरच्या गाण्यातला ढोल तर घोंगडीला दादच देत नाही.

उघडी राहिलेली वाट

समजा, त्या विद्यार्थिनीने कापडाऐवजी लोखंडी पत्राच टांगला. मग शांतता मिळेल का?

आमच्या खोलीची उंची दहा फूट होती. पडद्याची दोरी सात फुटांवर, आणि खालची कड जमिनीपासून सहा इंच वर. वर तीन फूट, खाली अर्धा फूट, एकूण साडेतीन फूट जागा उघडी. दहापैकी साडेतीन, म्हणजे शेकडा ३५. आवाज खोलीभर सारखा पसरला आहे असे धरले, तर पडद्यातून काहीही गेले नाही तरी ३५ टक्के ध्वनिऊर्जा वरून आणि खालून पलीकडे जाणारच.

आता आपल्या कानाची खोड लक्षात घ्या. आवाज निम्मा झाल्यासारखा वाटायला त्याची ऊर्जा सुमारे एक दशांश व्हावी लागते. ३५ टक्के ऊर्जा उरली तर कानाला आवाज जरासा उतरल्यासारखा वाटेल, इतकेच. म्हणून नियम लक्षात ठेवा: उघडी वाट बंद करता येत नसेल, तर पडद्याच्या जाडीवर पैसे घालण्यात अर्थ नाही.

मग सभागृहात पडदे कशाला?

इथे एक शंका येणे रास्त आहे. नाट्यगृहांत, ध्वनिमुद्रणाच्या खोल्यांत जाड पडदे लावतात, ते का? उत्तर असे की, आवाज अडवणे वेगळे आणि आवाज शोषणे वेगळे.

१८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात एका नव्या व्याख्यानगृहात बोललेले कुणाला कळेना. एकेक शब्द सुमारे साडेपाच सेकंद घुमत राही. वॉलेस सेबाइन या तरुण प्राध्यापकाकडे हे काम आले. त्याने शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांवरच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. ऑर्गनची एक नळी वाजवायची, थांबवायची आणि घुमणारा आवाज किती वेळाने विरतो ते घड्याळाने मोजायचे. जसजशा गाद्या वाढल्या, तसतसा निनाद कमी होत गेला. गादीच्या किंवा कापडाच्या छिद्रांत हवा मागेपुढे होते, धाग्यांशी घासते आणि ध्वनिऊर्जेची उष्णता होते. वास्तुध्वनिशास्त्राचा पाया या गाद्यांवर घातला गेला!

म्हणजे पडदा खोलीतला घुमारा कमी करतो. ज्या बाजूला आवाज आहे, त्याच बाजूच्या लोकांना तो सुखावह होतो. पलीकडच्याला मात्र फारसा फायदा नाही. हा पडदा भिंतीला चिकटवूनही उपयोग नाही, कारण भिंतीलगत हवेची हालचाल जवळजवळ थांबलेली असते. भिंतीपासून तरंगलांबीच्या पाव अंतरावर ती सर्वांत जास्त असते. सेकंदाला १००० कंपनांच्या आवाजासाठी हे अंतर साडेआठ सेंटिमीटर भरते. म्हणून कापड चार बोटे पुढे आणि भरपूर चुण्या घालून टांगावे.

दिव्याची जागा

डोळ्यांपुरता पडदा चांगला, असे वर म्हटले. पण त्यातही एक गोम आहे. दिवसा पातळ पडद्याआडून आपल्याला रस्ता दिसतो, रस्त्यावरच्याला आपण दिसत नाही. रात्री दिवा लावला की उलट! कारण उजेडातल्या कापडावरून परावर्तित झालेला प्रकाश मागचे अंधुक दृश्य झाकून टाकतो. नियम सोपा आहे: पाहणारा अंधारात आणि पाहिला जाणारा उजेडात असेल, तर पातळ पडदा कुचकामी.

मी टेबलावरचा दिवा लावून वाचायला बसलो की माझी सावली लुगड्यावर पडे. सिंधुदुर्गातल्या पिंगुळीचे ठाकर कलावंत चामड्याच्या बाहुल्यांच्या सावल्या पडद्यावर नाचवतात, तोच हा न्याय. माझे डोके पुढे कलले की आतून आईचा आवाज येई, "झोपलास का रे?" दिवा पडदा आणि माझ्यामध्ये ठेवला असता, तर सावली मागच्या भिंतीवर पडली असती. पण हे तेव्हा सुचले नाही, आणि सुचले नाही ते बरेच झाले!

वारा आणि विस्तव

एकाच खोलीत पडदा लावताना आणखी दोन गोष्टी विसरू नका.

पहिली वाऱ्याची. दार एका टोकाला आणि खिडकी दुसऱ्या टोकाला असेल, तर मधला आडवा पडदा वारा अडवतो. तापलेली हवा हलकी होऊन वर जाते. म्हणून पडद्याच्या वर मोकळी जागा हवीच. आवाजाला वाट देणारी हीच फट श्वासालाही वाट देते. अनेक रुग्णालयांत खाटांभोवतीच्या पडद्यांचा वरचा हातभर भाग जाळीचा असतो, तो वारा खेळावा आणि आग लागल्यास छताच्या फवाऱ्यांचे पाणी आत पोचावे म्हणून.

दुसरी गोष्ट विस्तवाची. टांगलेले कापड खालून पेटले तर ज्वाळेची उष्णता वरच्या कापडाला आधीच तापवते आणि आग झपाट्याने वर चढते. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून अंगाला चिकटते. शेगडी, समई, उदबत्ती यांच्यापासून पडदा इतका दूर हवा की वाऱ्याने उडाला तरी पोचता कामा नये.

करून पाहा

दोन मोबाइल घ्या. एकावर आवाज मोजण्याचे ॲप उतरवून घ्या. दुसऱ्यावर एकसारखा वाजणारा सूर लावा. दोघांमध्ये दोन मीटर अंतर ठेवा आणि डेसिबेलचा आकडा लिहा. मग मधे दोरीवर क्रमाने चादर, दुहेरी चादर आणि घोंगडी टांगून आकडे घ्या. शेवटी एक मोबाइल खोलीबाहेर ठेवून लाकडी दार लावा. प्रत्येक वेळी अंतर तेच ठेवा आणि आकडा तीनदा घेऊन सरासरी काढा. खर्जातला सूर आणि वरचा सूर दोन्ही घ्या. चादरीने पडणारा फरक इतका थोडा येईल की, आपले काही चुकले असे तुम्हाला वाटेल. चुकलेले नसते!

शिक्षकांनी हा प्रयोग वर्गात अवश्य करावा. एकाच दालनात पडदा लावून दोन इयत्ता बसवाव्या लागतात, तिथे त्याचा दुहेरी उपयोग आहे. दोन्ही फळे एकमेकांकडे पाठ करून न ठेवता दालनाच्या दोन टोकांच्या भिंतींवर असावेत, म्हणजे दोन्ही शिक्षक एकमेकांपासून लांब राहतात.

आठशे रुपयांचे काय झाले?

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीला हे सगळे गणित दाखवले. ती हिरमुसली. म्हणाली, "म्हणजे पडदा लावूच नको?"

तसे मुळीच नाही. २०११ साली जपानमध्ये मोठा भूकंप झाला, त्सुनामी आली आणि हजारो कुटुंबे शाळांच्या व्यायामशाळांत येऊन पडली. तेव्हा शिगेरू बान या वास्तुरचनाकाराने कागदाच्या जाड नळ्यांचे खांब आणि तुळया जोडून त्यांवर साधे पांढरे कापड टांगले. सुमारे ५० निवाऱ्यांत अशी सुमारे १८०० घरटी उभी राहिली. ते कापड आवाज अडवणारे नव्हते. पण कपडे बदलायला, बाळाला पाजायला, रडायला आडोसा मिळाला. आडोसा ही लहान गोष्ट नाही. पडद्याकडून तो घ्यावा. शांतता मात्र माणसांकडूनच घ्यावी लागते.

म्हणून मी तिला सांगितले: साधे, घट्ट विणीचे सुती कापड घे, चुण्यांसाठी रुंदीच्या दीडपट. टीव्हीचा आवाज मुळातच खाली आणला, तर कुठल्याही कापडापेक्षा जास्त काम होईल. टीव्ही तुझ्यापासून लांबच्या भिंतीला लावा. तुझ्या बाजूचा पंखा चालू ठेव, त्याच्या एकसारख्या घरघरीत पलीकडचे शब्द बुडतात.

हा शेवटचा उपाय माझ्या आईला पदार्थविज्ञान न शिकता ठाऊक होता. त्या फेब्रुवारीतल्या रात्रीनंतर आई-बाबांचे महत्त्वाचे बोलणे पहाटे साडेचारला होऊ लागले. नळाला पाणी यायचे, पिंप भरताना धो धो आवाज व्हायचा, आणि त्या आवाजात अण्णांना काही ऐकू येत नसे. अण्णांची शस्त्रक्रिया त्याच वर्षी दिवाळीत झाली.

ती मुलगी पंधरा दिवसांनी पुन्हा भेटली. पडदा साडेचारशेत झाला होता. उरलेल्या पैशांत तिने बाबांना कानात घालायची वायर आणून दिली होती. आता टीव्ही फक्त बाबांनाच ऐकू येतो! हा उपाय मला सुचला नव्हता, हे कबूल करतो.

तुम्हीच सोडवा

१. पडद्याचे वजन चौरस मीटरला ०.६ किलो असेल, तर तो किती जाडीच्या हवेच्या थराइतका जड?

२. सेकंदाला ५०० कंपनांच्या आवाजासाठी शोषक पडदा भिंतीपासून किती अंतरावर टांगाल?

३. खोलीची उंची नऊ फूट आहे. पडदा छतापासून दीड फूट खाली सुरू होऊन जमिनीला टेकतो. उघडी जागा शेकडा किती?

(उत्तरे: १. अर्धा मीटर. २. १७ सेंटिमीटर. ३. सुमारे १७.)